नर्सरीचे पहिले सहा महिने : लेकराला रुळायला वेळ देणारी शाळा, ५ पैकी साडेचार स्टार

जूनपासून लिहीन लिहीन म्हणत होते पण मुद्दाम थांबले, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर टेन्शनमधे लिहिलं असतं आणि गणपतीच्या आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा परत सुरू झालीय, मधे एकदा माझं शाळेशी भांडणही झालंय, त्यामुळं आता जे लिहीन ते सगळं बघून लिहिलेलं असेल. आम्ही लातूरचे, औसा रोडच्या मागच्या बाजूला राहतो, पोरगी साडेतीन वर्षाची, नर्सरीत आहे. मी नोकरी करते, मिस्टरांची ड्युटी शिफ्टची, घरी सासूबाई आहेत.

आधी गेल्या वर्षीचं सांगते म्हणजे मी एवढं का लिहायलेय ते कळेल. अडीच वर्षाची असताना एका प्लेग्रुपला घातलं होतं, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी गेटवर लेकरू माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मला म्हणाले मॅडम तुम्ही जा, दहा मिनिटात गप होतात सगळे. ती दहा मिनिटात गप नाही झाली. उलटी होईपर्यंत रडली. नऊ दिवस असंच चाललं, रोज घेऊन जायचं, रोज ओढून घ्यायचे, शेवटी आम्हीच बंद केलं. नंतर दोन तीन महिने मी घरात बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसून रडायची, झोपेत सुद्धा माझ्या गाऊनचा कोपरा मुठीत धरून झोपायची. त्यामुळं या वर्षी ॲडमिशन घेताना मला अभ्यास, इंग्लिश, स्मार्ट बोर्ड काही बघायचं नव्हतं, एकच बघायचं होतं, पहिल्या दिवशी लेकरू आईपासून वेगळं कसं करतात.

ही शाळा तेवढ्या एका गोष्टीसाठी निवडली आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी तरी मी प्रत्येकाला सांगेन की बघून या.

मे महिन्याच्या शेवटी पालकांची मीटिंग घेतली, शाळा सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी. मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडबाईंनी, पहिलं काय विचारलं तर लेकरू रात्री किती वाजता झोपतं. आता लातूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, मे महिन्यात खालच्या खोलीत झोपवत नाही, सगळे गच्चीवर, गाद्या टाकायच्या, पाणी शिंपडायचं, गप्पा, आणि लेकरं अकरा साडेअकरापर्यंत उड्या मारतात आणि सकाळी ऊन तोंडावर आलं की मग उठतात. बाई म्हणाल्या, शाळा ९ ला आहे, लेकरू अर्धवट झोपेत आणलंत तर ते शाळेसाठी नाही रडणार, झोपेसाठी रडेल, आणि तुम्हाला वाटेल शाळा आवडत नाही. दर दोन दिवसाला पंधरा मिनिटं आधी झोपवायला सांगितलं. आम्ही केलं. सासूबाई आधी म्हणाल्या एवढ्याश्या लेकराला काय टायमटेबल, पण जूनच्या १० तारखेपर्यंत साडेनवाला झोपायला लागली होती आणि सकाळी ७ ला आपोआप उठायची, तेव्हा त्या स्वतःच शेजारणीला सांगायल्या की बाई, झोप लावून घ्या आधी.

मीटिंगच्या हॉलमधे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे फोटो आहेत. बहुतेक शाळांत सरस्वतीचा फोटो आणि टॉपर लेकरांचे बॅनर असतात, इथं हे दोन फोटो बघून मला बरं वाटलं. बाईंनी थोडक्यात सांगितलं की १९४५ साली ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं, अनुताई त्यांच्याबरोबर होत्या, पुढं कोसबाडला गेलं ते काम, आणि आदिवासी पाड्यावरची लेकरं शाळेत येईनात तेव्हा यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, सरकारची योजना तर १९७५ ची, पण त्याच्या मागं या बायका आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या त्यांनी शाळा लेकरापर्यंत नेली, आपण निदान लेकराला शाळेपर्यंत हळू तरी आणू. हे मला फार पटलं.

आता पहिले तीन आठवडे कसे असतात ते.

पहिला आठवडा फक्त पाऊण तास. एका वेळेला पाच सहाच लेकरं, आणि घरातलं एक माणूस आत बसणार. आमच्याकडून सासूबाई गेल्या. आत बसायचं पण लेकराशी खेळायचं नाही, भिंतीला टेकून बसायचं, लेकरू आलं तर जवळ घ्यायचं, गेलं तर जाऊ द्यायचं, मोबाईल काढायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात दीड तास, आणि घरचं माणूस बाहेर गेटाजवळच्या लिंबाखाली. सासूबाई तिथं चटई टाकून बसायच्या, लेकरू रडत आलं की त्यांचा आवाज यायचा, "कामून रडायलीस गं माय, आज्जी हितंच हाय की." तिसऱ्या आठवड्यात पूर्ण, ९ ते १२, आणि घरचं माणूस घरी. पण हे तीन आठवडे सगळ्यांना सारखे नाहीत, एका पोराला पाच दिवसात जमलं तर त्याला पुढं सरकवलं, आमच्या पोरीचा दुसरा आठवडा दहा दिवस चालला. कुणीही मला म्हणालं नाही की तुमचीच का मागं राहिली.

निरोपाचा नियम सगळ्यात कडक आहे. गुपचूप निघून जायचं नाही. लेकरू खेळात रमलं की मागच्या दारानं सटकणं हे आपण सगळेच करतो, घरी सुद्धा, आमच्या आया पण असंच करायच्या. इथं नाही चालत. लेकराच्या समोर बसायचं, सांगायचं मी जाते, कधी येणार ते सांगायचं, आणि मग जायचं, परत वळून यायचं नाही. कधी येणार हे पण घड्याळावर सांगायचं नाही कारण तीन वर्षाच्या लेकराला बारा वाजता म्हणजे काहीच कळत नाही. "डबा खाल्ला की वाळू, वाळू झाली की गोष्ट, गोष्ट झाली की आई." हे वाक्य मी रोज तेच म्हणते, जूनपासून, एक शब्द बदलला तर ती मला दुरुस्त करते. वर्गाच्या भिंतीला लेकरांच्या उंचीवर एक छोटी खिडकी आहे, जाळी लावलेली, तिथून हात हलवायचा. रडत का होईना पण हात हलवते आणि मग बाई तिला कडेवर घेतात. पहिले काही दिवस मी रिक्षात बसून रडलेय ते सांगते, पण तिला माहीत होतं की आई गेली आणि गोष्टीनंतर येणार. गेल्या वर्षी तिला हेच माहीत नव्हतं.

रोजचा क्रम एकच असतो, सोमवार असो की शनिवार, पाऊस असो की ऊन. आत आलं की चप्पल. फरशीवर पावलांचे ठसे काढलेत, महालक्ष्म्यांच्या वेळेला काढतो तसे, त्या ठशांवर आपली चप्पल ठेवायची. मग दप्तर खुंटीला. मग मोकळा खेळ, मग सगळे गोल बसून गाणी गप्पा, मग हात धुणं, डबा, वाळूचा हौद, गोष्ट, घर. याची चित्रं दोरीला ओळीनं लावलीत आणि कपड्याचा एक लाल चिमटा आहे, जे चाललंय त्या चित्राला तो चिमटा लावायचा, रोज एक लेकरू चिमटेवालं असतं. साधी गोष्ट आहे पण रडणाऱ्या लेकराला बाई तिथं घेऊन जातात आणि म्हणतात बघ चिमटा कुठं आलाय, आईचं चित्र किती राहिलं, दोन राहिले. आम्ही घरी फ्रिजवर तसंच केलं, दूध, दात, आंघोळ, डबा, रिक्षा, आणि सकाळची ओरडाओरडी निम्मी झाली. मी "चल लवकर" म्हणायची त्याऐवजी चिमटा सांगतो.

त्या खुंटीचं एक सांगते. प्रत्येकाच्या खुंटीवर नावाऐवजी एक खूण आहे कारण वाचता येत नाही, कुणाची छत्री, कुणाचा बैल, आमच्या पोरीचं ज्वारीचं कणीस. दुसऱ्या आठवड्यात मी एक दिवस सुट्टी टाकून गेले होते तेव्हा जाळीतून बघितलं. ती दप्तर लावायली, पट्टा खुंटीवर नीट बसत नव्हता, दप्तर पडलं. परत उचललं, परत पडलं. बाई बाजूलाच पाटावर बसलेल्या, हात मांडीवर, उठल्या नाहीत. मला आतून वाटत होतं की अहो लावून द्या ना, तीन सेकंदाचं काम आहे. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ती बाईंकडं बघायली, आता रडेल असा चेहरा झाला, बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "पट्ट्याचं तोंड मोठं कर बरं." तिनं दोन्ही हातानं पट्टा फाकवला, पंजावर उभी राहिली, जीभ बाहेर काढून, आणि लावलं. मग दोन पावलं मागं येऊन बघत राहिली दप्तराकडं. त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतःहून आतल्या खोलीत गेली, मागं वळून न बघता. मला वाटतं शाळेत ती त्या खुंटीमुळं बसली. तिथं तिची एक जागा झाली.

ॲक्टिव्हिटी म्हणाल तर दाखवायला फोटोजेनिक असं कमी आहे. शेंगा सोलणं, एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, बटणं लावायच्या कापडाच्या चौकटी, चाळणीनं वाळू चाळणं, कपडे घडी करणं. माँटेसोरीचं सामान आहे, तो गुलाबी मनोरा आहे, दहा ठोकळ्यांचा, १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंत, पण इथला कंपनीचा नाही, सुताराकडून करून घेतलाय, सगळ्यात छोटा ठोकळा दोनदा हरवलाय म्हणे. माँटेसोरी बाईंनी १९०७ साली रोममधे गरीब वस्तीतल्या लेकरांसाठी घर सुरू केलं होतं, म्हणजे मुळात हे काही श्रीमंतांचं शिक्षण नव्हतं, आपल्याकडं त्याची फी बघून तसं वाटतं. पाणी ओतायला पोरीला एवढं आवडलं की आता घरी माठातलं पाणी तीच सगळ्यांना देते, सांडतं, पण फडकं पण तीच आणते, कारण शाळेत सांडलं की पुसायचं हे पण त्याच खेळात धरलंय.

डब्यात पहिला महिना नवीन काही द्यायचं नाही, घरी आवडीनं खाते तेच. आम्ही सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे, नाहीतर धपाटे देतो. डबा स्वतः उघडता आला पाहिजे हे बघून घ्या, मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन छान चार क्लिपवाला डबा आणला होता, तिला उघडेना, मग साधा स्टीलचा झाकणाचा घेतला. बाटलीचं पण तसंच.

लिखाण अजिबात नाही. यावरून आमच्या कॉलनीत फार ऐकावं लागतं. आपलं लातूर म्हणजे लातूर पॅटर्नचं गाव, दहावी, बारावी, 'नीट' परीक्षेची तयारी बघतच लेकरं मोठी होतात, त्यामुळं साडेतीन वर्षाच्या लेकराला लोक भेटल्याबरोबर एबीसीडी म्हणून दाखव म्हणतात. समोरच्या घरातलं तिच्याच वयाचं पोरगं वन टू फिफ्टी लिहितं, वही भरून. मला पण मधे एकदा भीती वाटली, बाईंना विचारलं, त्या चिडल्या नाहीत, म्हणाल्या पहिलीला जायला सहा वर्षाची व्हावी लागेल, अजून अडीच वर्षं आहेत, २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात पण तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय आणि त्यात खेळातूनच शिकणं सांगितलंय, तिच्या बोटात आधी बटण लावायची ताकद येऊ द्या, पेन्सिल मग आपोआप धरेल. मी तेव्हापासून निवांत आहे. नर्सरीत लिहायला लावणारी शाळा पाहिजे असेल तर ही घेऊ नका, उगीच वर्षभर भांडत बसाल.

आषाढीच्या दिंडीचं सांगायचं राहिलं. शाळा सुरू होऊन तीन आठवडेच झाले होते, मोठ्या वर्गाची दिंडी निघाली, आणि नर्सरीच्या नवीन लेकरांना घेतलंच नाही. आम्ही बऱ्याच जणींनी नऊवारी, तुळशीचं छोटं वृंदावन सगळं आणून ठेवलं होतं, ग्रुपवर नाराजी झाली, मी पण मेसेज टाकला होता. उत्तर आलं की लेकरांना आता कुठं रोजचा क्रम कळायलाय, आज वेगळे कपडे, रस्ता, टाळ, गर्दी झाली तर उद्या परत पहिल्यापासून. आम्ही घरीच तिला नेसवून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी गेली, आणि दुसऱ्या शाळेत जाणारी माझ्या नणंदेची पोरगी दिंडीत घाबरून दोन दिवस गेटच्या आत जाईना, तेव्हा मला कळलं. पोळ्याला मात्र घेतलं, तोपर्यंत रुळले होते सगळे, मातीचे बैल केले, आमचा बैल तीन पायाचा आहे आणि देव्हाऱ्यात ठेवलाय.

रुळली म्हणजे एकदाच रुळली असं होत नाही हे नवीन आयांनी लक्षात ठेवा. जुलैत सर्दी तापानं आठवडा घरी राहिली, परत गेली तर पहिल्या दिवसासारखी रडली. महालक्ष्म्यांना गावाकडं गेलो, आजोळी पाच दिवस सगळ्यांच्या कडेवर, परत आल्यावर तीन दिवस रडली. रात्री अंथरूण ओलं करणं बंद झालं होतं ते परत सुरू झालं. बाई म्हणाल्या आजारपण आणि सण झाले की आठवडा पहिल्यासारखाच धरा, दोन दिवस दीड तासच आणा. आणि अजून एक, शाळेत अगदी गुणी राहणारी पोरगी घरी आल्यावर दोन तास नुसती चिडचिड, चमचा बदलला म्हणून लोळायची. मला वाटायचं शाळेत काही होतंय का. तर सकाळभर सांभाळून धरलेलं लेकरू घरी येऊन सोडतं असं म्हणे. आल्या आल्या "काय शिकवलं" असं विचारायचं नाही, आधी खायला द्या, मांडीवर घ्या, मग संध्याकाळी विचारा की डबा कुणाजवळ बसून खाल्ला. या प्रश्नाला ती अर्धा तास बोलते.

आता अर्धा स्टार का कापला. ऑगस्टमधे वर्गाच्या बाई दोन दिवस सुट्टीवर होत्या, बदली मॅडम होत्या, त्यांनी पोरगी रडायला लागल्यावर तिला सांगितलं की आई बाहेरच बसलीय. मी ऑफिसात. ती खिडकीला लागून बसली, डबा खाल्ला नाही, वाळूत गेली नाही, बारापर्यंत जाळीला धरून उभी. सासूबाई आणायला गेल्या तर तिच्या गालावर जाळीचे चौकोन उमटलेले होते. त्या रात्री मी खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन स्पष्ट बोलले, आवाज पण चढला माझा. शाळेचा सगळा नियम एका वाक्यात मोडला. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, सारवासारव केली नाही, चूक झाली म्हणाल्या, त्या मॅडमनी पण फोन केला, आणि नंतर बदली येणाऱ्या प्रत्येकीसाठी नियमांचा कागद वर्गात लावलाय तो मी स्वतः बघितला. पण पोरीला परत खिडकीवर विश्वास बसायला दहा बारा दिवस लागले, ते कुणी भरून देत नाही. वर्ग ज्या बाईंवर उभा आहे त्या नसल्या तर काय, ही तयारी आधीच पाहिजे होती.

बाकीच्या तक्रारी छोट्या. वाळूच्या बाजूच्या खोलीवर पत्रे आहेत, जूनमधे पाऊस लांबला तेव्हा लाईट गेली की भट्टी व्हायची, तिथं काहीतरी करा. बाथरूमची पायरी उंच आहे. ग्रुपवर रात्री दहाला मेसेज येतात उद्या पांढरा ड्रेस म्हणून, ते संध्याकाळी सहाच्या आत यायला पाहिजेत. बारानंतर थांबायची सोय नाही, आणि पहिले तीन आठवडे घरचं माणूस मागतात, आमच्याकडं सासूबाई होत्या म्हणून जमलं, ज्या घरात दोघंच आहेत आणि दोघं नोकरीला आहेत त्यांनी काय करायचं याचं शाळेकडं नीट उत्तर नाही. एका आईनं बिनपगारी रजा काढली होती. फी तीन हप्त्यात घेतात, आमच्यासारख्यांना जरा जड आहे पण मधे कशाचे पैसे मागितले नाहीत.

दिवाळीनंतर उघडली त्या दिवशी मी धास्तावूनच गेले होते, दोन आठवडे सुट्टी, परत रडणार म्हणून रजा पण अर्धी टाकून ठेवली. तिनं चप्पल ठशांवर ठेवली, दप्तर कणसाला लावलं, मग परत आली आणि मलाच सांगितलं, "डबा, वाळू, गोष्ट, मग ये." आणि गेली. मी लिंबाखाली थोडा वेळ उभी राहिले, मग ऑफिसला गेले.

ज्यांना पुढच्या वर्षी घालायचंय त्यांनी नुसतं बिल्डिंग बघून ठरवू नका, दुपारी गेलात तर रिकामे वर्गच दिसतील. सकाळी ९ ला जा, गेटाजवळ उभं राहून रडणारं लेकरू कसं आत घेतात ते बघा. गाडी मात्र गेटासमोर लावू नका, तिथून रिक्षावाल्या मामांना लेकरं उतरवायची असतात.